ॲस्टरिस्क कमांड लाइनवरून चालवताना: पायऱ्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचे कार्यालय असो, धुळ्यातला दवाखाना असो की शिरपूरजवळची जिनिंग, टेबलावरचे फोन ॲस्टरिस्कवर, म्हणजे संगणकालाच टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्या प्रणालीवर, नेणारे बहुतेक जण एकाच वळणावर अडकतात. सर्व्हर बसतो, फोन नोंदला जातो आणि मग कॉल लागत नाही किंवा एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी घाईघाईने सर्व्हर पुन्हा सुरू केला जातो, एका दमात तीन-चार फायली बदलल्या जातात आणि नेमके काय बिघडले होते हे कळायचा मार्गच उरत नाही. म्हणून खालील क्रम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर तपासणी, आणि कार्यालयातल्या दोन फोनांमधला कॉल नीट लागल्याशिवाय बाहेरच्या लाइनला हात लावायचा नाही.

आज्ञा आणि फायलींची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची आहेत. ‘पीजेसिप’ म्हणजे पी, जे, एस, आय, पी ही पाच अक्षरे सलग.

1. तयारी: सर्व्हर बसवण्याआधी

आवृत्ती दीर्घकालीन आधाराची निवडावी. ॲस्टरिस्कच्या 20, 22 या सम आकड्यांच्या आवृत्त्या त्या प्रकारच्या आहेत आणि नव्याने बसवणाऱ्याने 22 घेणे शहाणपणाचे आहे. जुन्या लेखांतून नक्कल करणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते, कारण ते लेख ‘सिप.कॉन्फ’ ही फाइल भरायला सांगतात. ती फाइल वाचणारे ‘चॅन_सिप’ हे मॉड्यूल 21व्या आवृत्तीपासून काढून टाकलेले आहे. आता फोनांची सगळी मांडणी ‘पीजेसिप.कॉन्फ’मध्ये होते आणि दोन्हींची लिहिण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे.

सर्व्हरला कार्यालयाच्या जाळ्यातला कायमचा आयपी पत्ता द्यावा, घड्याळ ‘एशिया/कोलकाता’ या वेळेवर लावून नेटवर्कवरून जुळते ठेवावे आणि राउटरमधील ‘सिप एएलजी’ ही, सिपच्या (फोन व सर्व्हर यांच्यात कॉल जुळवणाऱ्या) निरोपांत हात घालणारी सोय बंद करावी. ही सोय मदतीसाठी म्हणून दिलेली असते, पण निरोपांमधले पत्ते परस्पर बदलून ती निम्म्याहून अधिक गोंधळ घालते.

त्यानंतर राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल तर सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले आहे आणि बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येणार नाही. शाखा जोडायच्या असतील तर स्थिर सार्वजनिक पत्ता आधी मागून घ्यावा.

मूळ कोडपासून बांधणी करणाऱ्यांनी ‘मेक सॅम्पल्स’ ही आज्ञा फक्त पहिल्या वेळी द्यावी.

सावधान: चालू सर्व्हरवर ‘मेक सॅम्पल्स’ दिल्यास तुमच्या फायलींच्या जागी नमुन्याच्या फायली येतात.

पहिल्याच दिवशी ‘/इटीसी/ॲस्टरिस्क’ हा फोल्डर गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) घालावा, म्हणजे कालची मांडणी आजच्या मांडणीशी ताडून पाहता येईल. या फायलींत पासवर्ड असतात, त्यामुळे तो साठा सार्वजनिक ठिकाणी ठेवू नये.

2. आपण कोणत्या कन्सोलवर आहोत हे ओळखणे

ॲस्टरिस्क पार्श्वभूमीवर चालतो आणि आपण त्याच्याशी बोलण्यासाठी एक खिडकी उघडतो. ती उघडायची आज्ञा ‘ॲस्टरिस्क -आरव्हीव्हीव्ही’ ही आहे. यातला ‘आर’ आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियेला जोडतो आणि तीन ‘व्ही’ किती तपशील दिसावा ते ठरवतात. ‘आर’च्या जागी ‘सी’ लिहिल्यास ॲस्टरिस्क त्याच खिडकीत नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न होतो. ‘सी’ने सुरू केलेल्या कन्सोलवर कंट्रोल-सी दाबले की सर्व्हरच बंद पडतो, तर ‘आर’च्या कन्सोलवर तेच केल्यास फक्त खिडकी मिटते. दोन्ही कन्सोल दिसायला सारखे असल्यामुळे रोजच्या कामात ‘सी’ वापरूच नये.

जोडणी होत नसेल आणि ‘ॲस्टरिस्क.सीटीएल’ ही फाइल आहे का, अशी विचारणा करणारी ओळ येत असेल, तर कारणे बहुधा दोनच असतात: सर्व्हर चालू नाही, किंवा तुमच्या वापरकर्त्याला ती फाइल उघडण्याचा अधिकार नाही. आधी ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस ॲस्टरिस्क’ पाहावे, मग ‘सुडो’सह (प्रशासकाच्या अधिकाराने) पुन्हा प्रयत्न करावा.

कन्सोलमध्ये न शिरता एकच प्रश्न विचारायचा असेल तर ‘ॲस्टरिस्क -आरएक्स’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत आज्ञा द्यावी. वेळापत्रकाने चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हीच रीत योग्य आहे. कन्सोलमध्ये असताना टॅब दाबल्यास पुढचे संभाव्य शब्द दिसतात. आज्ञा पाठ करत बसण्यापेक्षा ही सवय अधिक उपयोगी आहे.

तपासणी: ‘कोअर शो व्हर्जन’, ‘कोअर शो अपटाइम’ आणि ‘कोअर शो चॅनल्स’ या तीन आज्ञा द्याव्यात. तिसरीच्या शेवटी चालू चॅनल आणि चालू कॉल यांचे आकडे वेगवेगळे येतात. दोन फोनांमधल्या एका कॉलला दोन चॅनल लागतात, म्हणून आकडा दुप्पट दिसला तरी तो दोष नाही.

3. पहिले दोन फोन

आधी ‘पीजेसिप.कॉन्फ’मध्ये एक ट्रान्सपोर्ट (सर्व्हर निरोप कोणत्या मार्गाने आणि पोर्टवर घेईल ते सांगणारा विभाग) लिहावा: यूडीपी, पत्ता 0.0.0.0, पोर्ट 5060. ट्रान्सपोर्टमधला बदल साध्या रिलोडने लागू होत नाही, त्यासाठी ॲस्टरिस्क पुन्हा सुरू करावा लागतो. त्यामुळे हा भाग सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा.

प्रत्येक फोनासाठी तीन विभाग लागतात: एंडपॉइंट (फोनाची मांडणी), ऑथ (ओळख आणि पासवर्ड) आणि एओआर (फोन सध्या कोणत्या पत्त्यावर आहे याची नोंद). तिघांचे नाव एकच ठेवता येते. 201 या फोनाची मांडणी अशी:

[201]
टाइप=एंडपॉइंट
कॉन्टेक्स्ट=कार्यालय
डिसअलाऊ=ऑल
अलाऊ=अलॉ
ऑथ=201
एओआर्स=201
डायरेक्ट_मीडिया=नो

[201]
टाइप=ऑथ
यूजरनेम=201
पासवर्ड=(लांब आणि अक्षरे-अंक मिसळलेला)

[201]
टाइप=एओआर
मॅक्स_कॉन्टॅक्ट्स=1
रिमूव्ह_एक्झिस्टिंग=येस
क्वालिफाय_फ्रीक्वेन्सी=60

यातील तिसरा विभाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ‘मॅक्स_कॉन्टॅक्ट्स’ लिहिलेच नाही तर त्याचे मूल्य शून्य धरले जाते आणि शून्याचा अर्थ एकही फोन नोंदू नये असा होतो. पासवर्ड बरोबर असूनही नोंदणी होत नाही, म्हणून लोक तासभर पासवर्डच बदलत बसतात. त्याखालची ‘रिमूव्ह_एक्झिस्टिंग’ ही ओळ आपल्याकडच्या वीजपुरवठ्यामुळे फार महत्त्वाची ठरते. वीज जाऊन आली की राउटर फोनाला नवा पत्ता देतो, फोन त्या पत्त्यावरून नोंदणी मागतो. पण सर्व्हरच्या वहीत जुन्या पत्त्याची नोंद अजून जिवंत असते. एकाचीच मर्यादा असल्यामुळे नवी नोंदणी नाकारली जाते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली जाईल अशी ओळ लॉगमध्ये येते. वरील ओळ असल्यास जुनी नोंद काढून नवी घेतली जाते.

सावधान: या फायलींमध्ये अर्धविराम आला की त्यापुढचा मजकूर शेरा समजला जातो. पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर तो तिथेच तुटतो आणि फोन कधीच नोंदला जात नाही.

अशीच मांडणी 202 साठी करून ‘मॉड्यूल रिलोड रेस_पीजेसिप.एसओ’ ही आज्ञा द्यावी आणि कन्सोलवर आलेल्या इशाऱ्याच्या ओळी वाचाव्यात. पर्यायाचे नाव चुकले असेल तर ते इथेच कळते. सगळे काही एकदम रिलोड करण्यापेक्षा बदललेला भाग तेवढाच रिलोड केला की इशारे कशाचे आहेत हे लगेच समजते.

तपासणी: ‘पीजेसिप शो एंडपॉइंट्स’ मध्ये दोन्ही फोन दिसले पाहिजेत आणि ‘पीजेसिप शो कॉन्टॅक्ट्स’ मध्ये प्रत्येकापुढे ‘अव्हेल’ असले पाहिजे. ‘अनअव्हेल’ दिसत असेल तर फोन नोंदलेला आहे, पण सर्व्हरच्या विचारणेला उत्तर देत नाही. दोष पासवर्डमध्ये नसून जाळ्यात आहे.

निरोप प्रत्यक्ष पाहण्यासाठी ‘पीजेसिप सेट लॉगर ऑन’ द्यावे. नोंदणीच्या वेळी पहिले उत्तर 401 येते, त्याने घाबरू नये. सर्व्हर ओळख विचारतो, फोन ती देतो आणि मग 200 येतो; हा ठरलेला क्रम आहे. 401 पुन्हा पुन्हा येत राहिला तर मात्र पासवर्ड चुकलेला आहे. काम झाल्यावर लॉगर ‘ऑफ’ करावा, नाहीतर लॉग फुगून डिस्क भरते.

4. डायलप्लॅन आणि आतला कॉल

डायलप्लॅन म्हणजे लावलेल्या क्रमांकाचे काय करायचे ते सांगणारी यादी आणि कॉन्टेक्स्ट म्हणजे तिचा नाव दिलेला एक विभाग. ‘एक्स्टेन्शन्स.कॉन्फ’मध्ये ‘कार्यालय’ नावाचा कॉन्टेक्स्ट उघडून 201 आणि 202 हे क्रमांक लिहावेत. प्रत्येकाची पहिली पायरी 20 सेकंद वाजवणारी ‘डायल’ आणि शेवटची ‘हँगअप’. दोनशेच्या घरातले सगळे फोन एका ओळीत घ्यायचे असतील तर नमुना ‘_2एक्सएक्स’ असा लिहावा. सुरुवातीची खालची रेघ राहिली तर ॲस्टरिस्क तो नमुना न समजता शब्दशः क्रमांक समजतो आणि कॉल लागत नाही. नमुन्यात एक्स म्हणजे 0 ते 9, झेड म्हणजे 1 ते 9 आणि एन म्हणजे 2 ते 9.

फाइल जतन केल्यावर ‘डायलप्लॅन रिलोड’ द्यावे. चालू कॉल त्यामुळे तुटत नाहीत. मग ‘डायलप्लॅन शो कार्यालय’ देऊन सर्व्हरने जे वाचले ते तुम्ही लिहिल्याप्रमाणेच आहे का ते पाहावे. एंडपॉइंटमधले कॉन्टेक्स्टचे नाव आणि येथील नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी क्रमांक सापडत नाही आणि फोनाला 404 मिळतो.

तपासणी: ‘चॅनल ओरिजिनेट पीजेसिप/201 ॲप्लिकेशन एको’ ही आज्ञा द्यावी. 201 वाजेल, उचलून बोलावे. स्वतःचाच आवाज परत ऐकू आला तर आवाजाचा मार्ग दोन्ही दिशांनी मोकळा आहे. 202 वरही हेच करावे आणि मगच 201 वरून 202 लावावा. या चाचणीला अर्धे मिनिटही लागत नाही, तरी बहुतेक जण ती टाळतात आणि पुढे बाहेरच्या लाइनवर आवाजाचा दोष शोधत बसतात.

स्वागताचा संदेश मराठीत किंवा धुळे-नंदुरबारकडे अहिराणीत ध्वनिमुद्रित करायचा असल्यास फाइल 8000 हर्ट्झ, 16 बिट, मोनो अशी करावी आणि ‘प्लेबॅक’मध्ये फाइलचे नाव शेवटच्या ‘.वॅव’शिवाय लिहावे. मोबाइलवर मुद्रित केलेली फाइल तशीच टाकली तर ती वाजत नाही. दुरून बोलणाऱ्या शेतकऱ्याला किंवा रुग्णाच्या नातेवाइकाला आपल्या बोलीतला आवाज ऐकू येणे हे मला फार मोलाचे वाटते, म्हणून या लहानशा कामाला वेळ द्यावा.

5. कुंपण: बाहेरची लाइन जोडण्याआधी

ही पायरी क्रमाने आधीच यायला हवी. 5060 हे पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले की अनोळखी पत्त्यांवरून नोंदणीचे प्रयत्न सुरू होतात आणि जुळणारा एंडपॉइंट सापडला नाही अशा ओळी लॉगमध्ये वाहू लागतात. त्यातला एखादा प्रयत्न यशस्वी झाला तर रातोरात परदेशी क्रमांकांवर कॉल लावले जातात आणि बिल तुमच्या नावावर येते.

फायरवॉलमध्ये 5060 फक्त सेवा देणाऱ्याच्या आणि शाखांच्या ठरलेल्या पत्त्यांनाच उघडावे. शाखांचे फोन वायरगार्डसारख्या खासगी बोगद्यातून आणता आले तर सर्वांत उत्तम, कारण मग ते पोर्ट जगासाठी उघडावेच लागत नाही. ‘लॉगर.कॉन्फ’मध्ये सुरक्षाविषयक नोंदींची वेगळी फाइल सुरू करून फेलटूबॅनला (वारंवार चुकीचे प्रयत्न करणारे पत्ते अडवणाऱ्या साधनाला) ती वाचायला लावावी. 201 या फोनाचा पासवर्ड 201 ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीला अडकवून ठेवणे होय.

बाहेरून येणाऱ्या कॉलसाठी वेगळा कॉन्टेक्स्ट करावा आणि त्यात बाहेर जाण्याचे नमुने कधीही समाविष्ट करू नयेत. तसे केल्यास बाहेरून आलेला कॉल तुमच्याच लाइनवरून पुन्हा बाहेर जाऊ शकतो.

6. बाहेरची लाइन

लाइन परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. इंटरनेटवरून आलेले कॉल सिम भरलेल्या यंत्रातून स्थानिक कॉल म्हणून उतरवणे हा गुन्हा आहे. कोणी स्वस्तात तशी सोय देऊ केली तरी तिच्या वाटेला जाऊ नये.

कंपनी ठरलेल्या पत्त्यावरून कॉल पाठवत असेल तर एंडपॉइंटसोबत ‘आयडेंटिफाय’ हा विभाग लिहून त्यात तो पत्ता द्यावा आणि ‘पीजेसिप शो आयडेंटिफाइज’ने खात्री करावी. कंपनीला नोंदणी हवी असेल तर ‘रजिस्ट्रेशन’ विभाग लिहावा आणि ‘पीजेसिप शो रजिस्ट्रेशन्स’ मध्ये स्थिती पाहावी. बाहेर लावलेल्या कॉलला 403 येत असेल तर बहुधा तुम्ही पाठवलेला स्वतःचा क्रमांक कंपनीने दिलेल्या क्रमांकाशी जुळत नाही. 488 आला तर आवाजाचा कोडेक (आवाज अंकांत बदलण्याची पद्धत) जुळलेला नाही. भारतात ‘अलॉ’ चालतो आणि अमेरिकी नमुन्यांतून उचललेल्या फायलींत ‘युलॉ’ असतो.

बाहेर जाण्याचे नमुने मोजून-मापून लिहावेत. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावण्याचा नियम 15 जानेवारी 2021 पासून आहे, म्हणून मोबाइलचा नमुना शून्य, मग 6 ते 9 पैकी एक अंक आणि त्यापुढे नऊ एक्स असा होतो. जळगावसाठी 0257 पुढे सात अंक, धुळ्यासाठी 02562 आणि नंदुरबारसाठी 02564 पुढे सहा अंक. आणीबाणीचा 112 स्वतंत्र लिहावा. ‘_एक्स.’ असा सगळे काही सामावणारा नमुना लिहू नये, कारण 00 ने सुरू होणारे परदेशी क्रमांकही त्यात बसतात.

तपासणी: ‘डायलप्लॅन शो’ पुढे एखादा मोबाइल क्रमांक, ॲट चिन्ह आणि कॉन्टेक्स्टचे नाव लिहून तो कोणत्या ओळीत बसतो ते पाहावे. मग 00 ने सुरू होणारा क्रमांक देऊन तो कुठेही बसत नाही याचीही खात्री करावी.

7. आवाज एकाच बाजूने येतो किंवा कॉल बत्तीस सेकंदांनी तुटतो

जळगावचा सर्व्हर आणि रावेरचा फोन अशी जोडणी सार्वजनिक इंटरनेटवरून असेल तर ‘आरटीपी सेट डीबग ऑन’ द्यावे (आरटीपी म्हणजे प्रत्यक्ष आवाज नेणारी पाकिटे) आणि कॉल लावावा. कन्सोलवर दोन प्रकारच्या ओळी धावतात: ‘सेंट’ म्हणजे पाठवलेली पाकिटे आणि ‘गॉट’ म्हणजे आलेली. दोन्ही दिसत असतील तर सर्व्हरची बाजू ठीक आहे. फक्त ‘सेंट’ दिसत असेल तर समोरची पाकिटे पोहोचत नाहीत. फायरवॉलमध्ये यूडीपीचा 10000 ते 20000 हा पट्टा, किंवा ‘आरटीपी.कॉन्फ’मध्ये तुम्ही लिहिलेला पट्टा, मोकळा आहे का ते पाहावे.

‘सेंट’च्या ओळीत 192.168 ने सुरू होणारा रावेरच्या घरगुती जाळ्यातला पत्ता दिसत असेल तर सर्व्हर तिथे कधीच पोहोचणार नाही. त्या फोनाच्या एंडपॉइंटमध्ये ‘आरटीपी_सिमेट्रिक’, ‘फोर्स_आरपोर्ट’ आणि ‘रीराइट_कॉन्टॅक्ट’ हे तिन्ही ‘येस’ करावेत. उलट तुमच्याच सर्व्हरने पाठवलेल्या निरोपात आतला पत्ता जात असेल तर ट्रान्सपोर्टमध्ये ‘एक्स्टर्नल_मीडिया_ॲड्रेस’, ‘एक्स्टर्नल_सिग्नलिंग_ॲड्रेस’ आणि ‘लोकल_नेट’ भरलेले नाहीत.

उचललेला कॉल बरोबर 32 सेकंदांनी तुटत असेल तर आवाजाकडे पाहूच नये. कॉल उचलल्याचा 200 हा निरोप सर्व्हरने पाठवला, त्याची पोच मिळाली नाही, तो पुन्हा पुन्हा पाठवला गेला आणि अर्ध्या सेकंदाच्या 64 पटींची ठरलेली मुदत संपल्यावर सर्व्हरने कॉल सोडला, असा त्याचा अर्थ आहे. पोच चुकीच्या पत्त्यावर जाते, म्हणून पुन्हा ‘एक्स्टर्नल_सिग्नलिंग_ॲड्रेस’ आणि राउटरमधील एएलजी हेच तपासावे. निरोपांची देवघेव शिडीसारख्या चित्रात पाहायची असेल तर ‘एसएनग्रेप’ हे साधन टर्मिनलमध्येच चालते.

8. थांबवणे, पुन्हा सुरू करणे आणि वीज

‘कोअर स्टॉप नाऊ’ सर्व कॉल तत्काळ तोडते. ‘कोअर स्टॉप ग्रेसफुली’ नवे कॉल घेणे थांबवते आणि चालू कॉल संपण्याची वाट पाहते. ‘कोअर स्टॉप व्हेन कन्व्हिनियंट’ नवे कॉलही घेत राहते आणि एकही कॉल नसेल तेव्हा थांबते. सकाळी भाव विचारणाऱ्यांची गर्दी असताना दुसरी आज्ञा दिली तर नवे ग्राहक परत जातात आणि तिसरी दिली तर दुपारपर्यंत काहीच घडत नाही. विचार बदलला तर ‘कोअर अबॉर्ट शटडाउन’ने ती मागे घेता येते. ‘स्टॉप’च्या जागी ‘रिस्टार्ट’ लिहिल्यास हेच तीन प्रकार पुन्हा सुरू करण्यासाठी मिळतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छताखालच्या कपाटात ठेवलेला सर्व्हर त्या दिवसांत न सांगता बंद पडतो आणि दोष ॲस्टरिस्कला लावला जातो. तो हवेशीर जागी ठेवावा, आणि यूपीएसवर सर्व्हरसोबत राउटर व स्विचही घ्यावेत. केवळ सर्व्हर चालू राहून उपयोग नाही. संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडावा आणि ‘सिस्टिमसीटीएल इनेबल ॲस्टरिस्क’ दिलेले असावे.

तपासणी: कार्यालय बंद झाल्यावर ‘कोअर शो चॅनल्स’मध्ये शून्य कॉल पाहावेत, सर्व्हर रीतसर बंद करावा, मग मुख्य बटणच बंद करून पाच मिनिटांनी चालू करावे आणि कशालाही हात लावू नये. सर्व्हर उभा राहिल्यावर ‘पीजेसिप शो कॉन्टॅक्ट्स’ मध्ये सगळे फोन ‘अव्हेल’ झाले, 201 वरून 202 लागला आणि बाहेरून आलेला एक कॉल मिनिटभर टिकला, तरच दुसऱ्या दिवसापासून हा सर्व्हर कामावर घ्यावा.